खेळणं सोडून कोचिंगला लागायचं का? (टेनिस, वय २६, फोंडा)

फोंड्याचा_डावखुरा

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज विचारायचंय म्हणून लिहितोय.

मी मूळचा फोंड्याचा. दहावीनंतर पुण्यात राहून टेनिस केलं, एआयटीएच्या (ऑल इंडिया टेनिस असोसिएशनच्या) ज्युनियर आणि मग मेन्सच्या स्पर्धा खेळलो, आता भारतात जिथे एम-१५ असेल तिथे क्वालिफाइंगला (मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठीच्या आधीच्या फेऱ्यांना) जातो, कधीमधी मेन ड्रॉपर्यंत, म्हणजे मुख्य स्पर्धेपर्यंत, पोचलोय पण तिथे मॅच जिंकून पहिला एटीपी पॉइंट (जागतिक क्रमवारीचा गुण) मिळवणं अजून जमलेलं नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, एम-१५ ही प्रोफेशनल टेनिसची सगळ्यात खालची पायरी, अख्ख्या स्पर्धेत मिळून १५ हजार डॉलर वाटले जातात, मेन ड्रॉत एक मॅच जिंकली की एक पॉइंट, आणि पहिल्या फेरीत हरलं तर जे हातात येतं त्यात त्या आठवड्याचं हॉटेलसुद्धा सुटत नाही. खर्च आजवर बाबांनी केलाय, मधे एका ओळखीच्या माणसाने रॅकेटं आणि गटिंगचं (रॅकेटच्या तारांचं) बघितलं, पण आता बाबा रिटायर होतायत.

तर आता पणजीच्या बाजूच्या एका क्लबने विचारलंय. संध्याकाळी मुलांच्या बॅच आणि सकाळी मेंबर लोकांबरोबर हिटिंग. पगार ठीक आहे, फोंड्याहून येऊन जाऊन करता येईल. बाबा म्हणतात घे. आई काही म्हणत नाही, पण मी घरी परत आलो तर तिला बरं वाटेल हे दिसतं.

माझा घोळ असा की मला खेळणं आवडतं, शिकवणं आवडेल की नाही हे माहीतच नाही. क्लबवाले धरून चाललेत की हा एवढं खेळलाय म्हणजे शिकवेलच. असं असतं का? चांगला खेळाडू असणं आणि चांगला कोच असणं यांचा नेमका किती संबंध? की अजून एक वर्ष खेळून बघू? आणि गोव्यात जून ते सप्टेंबर कोर्टवर शेवाळ असतं, त्या चार महिन्यांत कोच करतो काय? कोणी या वाटेने गेलेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, मला खरंच ठरवायचंय.

नेटकॉर्ड_मडगाव

मी स्वतः क्लब लेव्हलच्या वर कधी खेळलेलो नाही पण टेनिस १९८५ पासून फॉलो करतोय, म्हणून तुझ्या मधल्या प्रश्नाचं तेवढं उत्तर देतो, बाकीचं कोचमंडळी देतील.

संबंध आहे, पण आपण समजतो तसा सरळ नाहीये. डॅरेन केहिल घे. ऑस्ट्रेलियाचा, सिंगल्समध्ये २२ च्या वर कधी गेला नाही, १९८८ ला यूएस ओपनची सेमीफायनल ही त्याची सगळ्यात मोठी कामगिरी, मग गुडघ्यांनी दगा दिला आणि खेळणं संपलं. आणि कोच म्हणून? ल्यूटन ह्युइट त्याच्याच गावचा, अ‍ॅडलेडचा, त्याला पोरवयापासून घडवला आणि २००१ मध्ये २० व्या वर्षी नंबर एक केला. मग आगासी, मग हालेप (२०१८ ची फ्रेंच ओपन), आणि आता सिनर. सिनरचा दुसरा कोच सिमोने व्हान्योझी तर खेळाडू म्हणून पहिल्या शंभरातसुद्धा कधी नव्हता! तरी सिनरचा खेळ रोजच्या रोज बघणारा माणूस तोच.

उलट बाजूने बघितलं तर इव्हान लेंडल. आठ ग्रँड स्लॅम, मोठाच माणूस, पण अँडी मरेला त्याचा उपयोग त्या आठांमुळे झाला असं मला नाही वाटत. लेंडल स्वतः पहिल्या चारही ग्रँड स्लॅम फायनल हरला होता, १९८४ च्या फ्रेंचमध्ये पहिली जिंकला. मरे २०१२ मध्ये त्याच्याकडे आला तेव्हा तीन फायनल हरलेला होता, त्या वर्षी विम्बल्डनला चौथी हरला, आणि दोन महिन्यांत यूएस ओपन जिंकला. चार फायनल हरून पाचवीला कोर्टवर उतरताना पोटात काय होतं हे सांगणारा दुसरा माणूस मरेला कुठे मिळणार होता? म्हणजे लेंडलचं जिंकणं नाही, हरणं कामाला आलं.

मॅग्नस नॉर्मन पण बघ. २००० ची फ्रेंच फायनल खेळला, नंबर दोनपर्यंत गेला, कंबरेच्या सांध्याच्या दुखण्याने तिशीच्या आत खेळ सोडावा लागला. २००९ ला नदालला फ्रेंच ओपनमध्ये पहिल्यांदा हरवणाऱ्या सोडरलिंगचा कोच हाच, आणि वावरिंकाच्या तिन्ही ग्रँड स्लॅमच्या वेळीही हाच.

तू एम-१५ च्या क्वालिफाइंगला जाऊन इतकी वर्षं घासलीस, त्यात शिकवण्यासारखं भरपूर साठलं असणार. पण माझं मत विचारशील तर अजून एक वर्ष खेळ. कोच ५० व्या वर्षी पण होता येतं, खेळाडू नाही.

लालबॉल_बार्देश

मी गोव्यातच कोचिंग करतो, बरीच वर्षं झाली. नेटकॉर्ड यांनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे पण ते टूरवरच्या कोचबद्दल आहे. तुला जे काम मिळतंय ते वेगळं आहे आणि ते काय आहे ते आधी नीट समजून घे, नाहीतर दोन महिन्यांत वैतागशील.

संध्याकाळची बॅच म्हणजे सात-आठ-नऊ वर्षांची मुलं, एका कोर्टवर आठ-दहा जण, त्यातली निम्मी आईवडिलांनी पाठवलेली, काही फुटबॉलला जागा मिळाली नाही म्हणून आलेली. त्यांना तुझा फोरहँड किती जड आहे याच्याशी काहीही घेणंदेणं नाही. त्यांना बॉल रॅकेटला लागला पाहिजे आणि आज मजा आली असं वाटून घरी गेलं पाहिजे, एवढंच. यासाठीच लाल, नारंगी, हिरवे बॉल आहेत. लाल बॉल आपल्या पिवळ्या बॉलपेक्षा साधारण ७५ टक्के हळू, कोर्ट ११-१२ मीटरचंच, छोटं नेट, छोटी रॅकेट. नारंगीला १८ मीटर कोर्ट आणि बॉल अर्ध्या वेगाचा. हिरवा २५ टक्के हळू पण कोर्ट पूर्ण. आयटीएफने (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने) २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांना पिवळा बॉल बंदच केलाय, तरी आपल्याकडे अजून सहा वर्षांच्या मुलाला पूर्ण कोर्टच्या बेसलाईनवर उभं करतात आणि बॉल त्याच्या डोक्यावरून जात राहतो. मुलगा मग तो घेण्यासाठी ग्रिप फिरवून फिरवून एक्स्ट्रीम वेस्टर्न (तळवा पार दांड्याखाली गेलेली पकड) करतो, आणि ती सवय मोडायला पुढे दोन वर्षं जातात. मला हे बघून खरंच त्रास होतो, कारण त्यात मुलाची काहीच चूक नसते.

खेळाडू कोच झाला की पहिल्यांदा काय करतो माहीत आहे? करून दाखवतो. "असं मार." मूल बघतं आणि तसं मारत नाही. मग परत दाखवतो, जरा जोरात. माडावर चढणाऱ्या पाडेलीला विचार कसा चढतोस, तो सरसर चढून दाखवेल, पण पाय आधी कुठे रोवायचा ते त्याला सांगता येणार नाही, कारण ते त्याच्या अंगात गेलंय. तुझी सर्व्हिस तुझ्या अंगात गेलीय. आता तिचे तुकडे करून, आठ वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच तुकडा द्यायचा, आणि तो पण तीन-चार शब्दांत, हे शिकावं लागतं. मला जमायला वेळ लागला आणि माझ्याबरोबर जे चांगले खेळणारे होते त्यातले काहीजण शेवटपर्यंत शिकलेच नाहीत, ते अजून बास्केट घेऊन फीडिंग करतायत, मुलं रांगेत उभी, दोन बॉल मारून परत रांगेच्या मागे. एका तासात एका मुलाला किती बॉल मिळतात ते कधी बाहेर उभं राहून मोजून बघ.

सकाळचं मेंबर हिटिंग म्हणजे आपल्याकडे जुन्या क्लबांत मार्कर जे करतात तेच. मार्कर लोकांना कमी समजू नकोस हं, त्यातले कित्येक बॉलबॉय म्हणून आले आणि पुढे उत्तम कोच झाले, कारण त्यांनी शेकडो वेगवेगळ्या माणसांचे हात बघितलेले असतात. मेंबरला रॅली मिळाली पाहिजे असा बॉल ठेवणं ही पण कला आहे. पण ते आणि कोचिंग दोन वेगळी कामं आहेत, आणि क्लबशी बोलताना तास वेगळे लिहून घे, नाहीतर सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत तू कोर्टवरच राहशील आणि स्वतःचा खेळ, शिकणं, सगळं बंद.

पावसाचं सांगतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. मी मे महिन्यातच पालकांना सांगून ठेवतो की जूनपासून हॉलमध्ये. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये लाल बॉलचं मिनी टेनिस मस्त होतं, मोठ्या मुलांचं फूटवर्क, स्प्लिट स्टेप, मेडिसिन बॉल, शॅडो सर्व्हिस. हॉलला भाडं पडतं, आणि चवथीला आठ-दहा दिवस एक मूल येत नाही ते वेगळं. पैसे या काळात कमी येतात हे धरूनच वर्षाचं गणित करायचं. पगारावर असशील तर क्लबला स्पष्ट विचार, पावसाळ्यात पूर्ण पगार की निम्मा.

बालेवाडीचा_जुना

पुण्यातून. मी आधी खेळलो, नंतर काही वर्षं ज्युनियर मुलांबरोबर फिरता कोच होतो, आता अकादमीत आहे.

नेटकॉर्ड काका, तुमचा मुद्दा मनाला पटतो पण "अजून एक वर्ष खेळ" हे सांगणं सोपं आहे. एक वर्ष म्हणजे किती पैसे? सुमित नागल २०२३ मध्ये भारताचा नंबर एक होता, सप्टेंबरात त्याने सांगितलं की बँकेत ९०० युरो आहेत. नंबर एक! मग चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनला क्वालिफाय करून बुब्लिकला हरवलं, १९८९ नंतर पहिल्यांदा कुणा भारतीय पुरुषाने ग्रँड स्लॅम सिंगल्समध्ये मानांकित खेळाडूला हरवलं, आणि त्यात त्याची गाडी रुळावर आली. पण त्याच्या मागे फाउंडेशन होतं, नोकरी होती, आणि मुळात तो त्या लेव्हलचा होता. ज्याच्याकडे २६ व्या वर्षी एक पॉइंट नाही त्याच्या वडिलांना अजून एक वर्षाचा खर्च करायला सांगताना आपण जपून बोलावं.

डावखुऱ्या, तुला सरळ विचारतो. तू एक वर्ष खेळायचं म्हणतोस ते कशासाठी? पॉइंटसाठी असेल तर बारा महिन्यांचा कागदावर प्लॅन कर, कुठल्या स्पर्धा, कुठला खर्च, कोण देणार, आणि बाबांसमोर ठेव. पण खेळणं थांबलं तर मी कोण, या भीतीपोटी असेल तर ती भीती एक वर्षाने पण तशीच असते, मी खूपजणांची बघितलीय. मला स्वतःला सगळ्यात जड काय गेलं तर मुलांच्या मॅचला बाहेर बसणं. ४-४, ३०-४०, मूल सेकंड सर्व्हिस घालतंय आणि तुला आतून दिसतंय कुठे घालायला हवी, हात शिवशिवतात. पूर्वी तर बसून गप्पच राहायचं, नुसता इशारा केला तरी वॉर्निंग. आता १ जानेवारी २०२५ पासून आयटीएफच्या नियमात बाहेरून कोचिंगला परवानगी आहे, पण त्यामुळे काम सोपं झालं नाही, उलट अवघड झालं, कारण आता बोलता येतं म्हणून काय बोलायचं नाही हे ठरवावं लागतं. दोन पॉइंटच्या मधे मुलाच्या डोक्यात एकच गोष्ट राहते. तू तीन सांगितल्यास तर एकही राहत नाही.

आपल्या देशात खेळाडूचे कोच झालेले लोक कमी नाहीत. आमच्या पुण्याचे नंदन बाळ डेव्हिस कप खेळले आणि नंतर डेव्हिस कप संघाचे कोच झाले. झीशान अली १९८८ ला सोल ऑलिंपिक खेळले, पुढे कितीतरी वर्षं डेव्हिस कप संघाबरोबर होते, आणि त्यांचे वडील अख्तर अली पण आधी डेव्हिस कप खेळाडू, मग कोच. पण ही वरची नावं. खाली, जिथे दहा-बारा वर्षांची मुलं असतात, तिथे चांगले खेळलेले लोक थांबत नाहीत, आणि खरी गरज तिथेच आहे. १४ व्या वर्षी मूल माझ्याकडे येतं तेव्हा ग्रिप, टॉस, पाय सगळं आधीच बसलेलं असतं, चांगलं किंवा वाईट. मला बदलायला फार थोडं उरतं. फेरेरोचं बघा, फ्रेंच ओपन चॅम्पियन, माजी नंबर एक, त्याने २०१८ मध्ये १५ वर्षांच्या अल्काराझला व्हिलेनातल्या अकादमीत हातात घेतलं आणि सांभाळून नेलं. पण त्याच्याही आधी, एल पाल्मारच्या क्लबमध्ये, कुणीतरी त्या मुलाला हातात रॅकेट धरायला शिकवलंच होतं ना.

म्हापशेकर_आई

मी टेनिस खेळत नाही, पण मुलगी अंडर-१४ खेळते आणि तिला घेऊन गेली काही वर्षं फिरतेय, म्हणून पालकांच्या बाजूने लिहिते. तू माझ्यापेक्षा लहान असणार म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

आम्हाला गोव्यात स्पर्धा फार कमी मिळतात. एआयटीएच्या पॉइंटसाठी बेळगाव, कोल्हापूर, पुणे, कधी हैदराबाद. शुक्रवारी शाळा सुटली की चोर्ल्यातून नाहीतर आंबोलीतून निघायचं, शनिवारी सकाळी साइन-इन, पहिल्या फेरीत हरली तर रविवारी घरी. दुसऱ्या मुलांबरोबर त्यांचे कोच आलेले असतात, आमच्याबरोबर कोणी नाही. मॅच झाल्यावर ती मला विचारते आई मी कुठे चुकले, आणि मला सांगता येत नाही. मी म्हणते चांगली खेळलीस, जेवून घे. तिला माहीत असतं की मला कळत नाही.

तर तुझ्यासारखा मुलगा, जो त्या स्पर्धा स्वतः खेळलाय, रेफ्रीशी कसं बोलायचं, पावसाने मॅच थांबली तर दोन तास काय खायचं काय नाही, समोरची मुलगी लाईनचे खोटे कॉल देतेय तर काय करायचं, हे ज्याला माहीत आहे, असा कोच गोव्यात राहिला तर आमच्यासारख्या घरांना किती आधार होईल. वर म्हटलंय की मुलांना तुझ्या फोरहँडशी घेणंदेणं नाही. लहानांना नसेल. पण तेरा वर्षांच्या मुलीला आहे, ती जिच्याबरोबर किंवा ज्याच्याबरोबर हिटिंग करते तो बॉल जड असेल तर बेळगावला गेल्यावर ती घाबरत नाही.

माझी एकच विनंती, कोच झालास तर बघणारा कोच हो. आधीच्या एका कोचकडे ती दीड तास असायची आणि तो अर्धा वेळ फोनवर, अर्धा वेळ दुसऱ्या कोर्टवर. तिच्या सर्व्हिसला खांदा दुखायला लागला ते त्याला मी सांगितलं तेव्हा कळलं. आणि दुसरं म्हणजे मुलींशी बोलताना, हात धरून ग्रिप दाखवताना, आधी विचारायचं. मोकळ्या कोर्टवर शिकवायचं, वेगळ्या खोलीत मीटिंग नाही, बाहेरगावी गेलं तर पालक बरोबर. हे चांगला कोच स्वतःहून सांगतो, आम्हाला मागावं लागत नाही.

आणि गोव्यात कोणी राहत नाही ही पण गोष्ट आहेच. लिअँडर पेसचं मूळ आपल्याकडचं म्हणून आपण अभिमान बाळगतो, वडील व्हेस पेस यांनी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला हॉकीत ब्राँझ आणलं, मुलाने १९९६ ला अटलांटात टेनिसमध्ये, पण लिअँडर तयार झाला तो कोलकात्यात आणि मग मद्रासच्या अमृतराज अकादमीत. इथे नाही. माझ्या मुलीलाही दहावीनंतर पुण्याला पाठवावं लागेल का, हा आमच्या घरी रोजचा विषय आहे.

फोंड्याचा_डावखुरा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

बालेवाडी सर, तुमचा प्रश्न रात्री उशिरापर्यंत डोक्यात होता. खरं सांगायचं तर दोन्ही आहे. पॉइंट हवाच आहे, आणि आपण खेळाडू नाही असं लोकांना सांगायचं कसं हे पण आहे. फोंड्यात मला सगळे टेनिसवाला म्हणूनच ओळखतात.

म्हापशेकर ताई, तुमचं वाचून मला माझे ते दिवस आठवले, माझे बाबा पण मॅच झाल्यावर असंच जेवून घे म्हणायचे.

आता नेमकं विचारतो. क्लबला जूनपासून माणूस हवाय. एम-१५ चे बरेच आठवडे थंडीत असतात. दोन्ही एकत्र होईल का, म्हणजे पावसाळ्यात कोचिंग आणि थंडीत स्पर्धा? आणि कोर्स कुठला करू, लेव्हल वन की एनआयएस (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा)?

नेटकॉर्ड_मडगाव

बालेवाडी, खर्चाचं तुम्ही म्हणता ते मान्य, वडील रिटायर होतायत हे मी पुरेसं धरलं नव्हतं. पण मुद्दा सोडत नाही. गोरान इव्हानिसेविच २००१ ला विम्बल्डनला वाइल्ड कार्डवर (क्रमवारी पुरत नसताना आयोजकांनी दिलेल्या जागेवर) आला तेव्हा १२५ व्या नंबरवर होता आणि जिंकून गेला. पुढे त्याने चिलिचला २०१४ ची यूएस ओपन जिंकून दिली, जोकोविचबरोबर पाच वर्षं राहिला. शेवटपर्यंत ताणून बघितलेला माणूस पोरांना वेगळं काही देतो असं मला वाटतं. डावखुऱ्या, दोन्ही एकत्र जमत असेल तर जमव, माझा पाठिंबा आहे.

लालबॉल_बार्देश

दोन्ही एकत्र पूर्ण वर्षभर नाही होणार, मी सांगतो का ते. मुलांची बॅच जूनमध्ये धरलीस, नोव्हेंबरात मुलं जरा तयार झाली, बॉल नेटपलीकडे जायला लागला, आणि तू महिनाभर स्पर्धेला गेलास, तर परत आल्यावर निम्मी मुलं दिसणार नाहीत. पालक तुझ्यावर विश्वास टाकतात, क्लबवर नाही. आपल्याकडे कोरड्या दिवसांचा सीझनच ऑक्टोबर ते मे, आणि नेमका तोच स्पर्धांचा.

म्हणून मी काय करेन ते सांगतो. जून ते सप्टेंबर क्लबमध्ये असिस्टंट म्हणून लाग, हेड कोच म्हणून नाही. चार महिने पावसाचेच आहेत, मुलं कमी, हॉलमध्ये लाल बॉल, चुकलं तरी फार बिघडत नाही, आणि शिकवणं आवडतं का नाही हे तुला सप्टेंबरपर्यंत स्वच्छ कळेल. संध्याकाळी हॉलमधून बाहेर पडताना उद्या त्या अमक्या मुलाला काय वेगळं करून द्यावं हे डोक्यात घोळत असेल तर तू कोच आहेस. घोळत नसेल तर ऑक्टोबरात बॅग भर आणि खेळायला जा, कोणी नावं ठेवणार नाही. पण क्लबला हे आधीच सांग, त्यांना अंधारात ठेवू नकोस.

कोर्सचं. एनआयएसचा डिप्लोमा पूर्ण वर्षाचा, तिथे राहून करायचा, सरकारी कोचची नोकरी डोक्यात असेल तर त्याचा उपयोग होतो. गोवा क्रीडा प्राधिकरणात किंवा कुठल्याही सरकारी जागी अर्ज करायचा तर जाहिरातीत काय मागितलंय ते आधी वाच, मग ठरव. खासगी क्लब किंवा अकादमीला आयटीएफ लेव्हल वन पुरतं, आपल्याकडे एआयटीएमार्फत होतो, तो नवशिक्या आणि मधल्या मुलांना शिकवण्याचाच कोर्स आहे. लेव्हल टू पुढच्या खेळाडूंसाठी, ते नंतर. तोवर आयटीएफ अकादमीच्या साइटवर ऑनलाइन कोर्स आहेत ते सुरू कर, म्हापशेकर ताईंनी लिहिलंय त्या मुलांच्या सुरक्षेचा पण त्यात आहे, तो पहिला कर. फक्त लेव्हल वनला जायच्या आधी थोडे दिवस मुलांसमोर उभा राहिलेला अस. नाहीतर तिथे जे सांगतात ते ऐकून सोडून देशील, कारण ज्या अडचणीवर ते उत्तर देतात ती तुला अजून आलेलीच नसते.

बालेवाडीचा_जुना

लालबॉलशी पूर्ण सहमत. एकच वाढवतो. त्या चार महिन्यांत एक वही ठेव. रोज एका मुलाबद्दल दोन ओळी, काय बघितलं, काय सांगितलं, काय झालं. खेळाडूला स्वतःच्या बॉलकडे बघायची सवय असते, बॉल कुठे पडला, आत की बाहेर. कोचने बॉल जायच्या आधी काय झालं ते बघायचं असतं, पाय कधी हलला, खांदा वळला का, डोळे कुठे होते. मूल बॉल मारतं तेव्हा तू नेटपलीकडे बॉलच्या मागे बघत असशील तर तू अजून खेळतोयस. मला ही नजर वळवायलाच पहिला सीझन गेला. वही लिहायला बसलं की कळतं आज आपण काय बघितलंच नाही.

आणि पुण्यात आलास तर अकादमीत ये, दोन दिवस नुसता बाजूला उभा राहून बघ. लोकांना काय सांगायचं त्याची काळजी करू नकोस. टेनिसवाला तू कोच झालास तरी टेनिसवालाच राहणार.

म्हापशेकर_आई

ऑगस्टमध्ये बेळगावला अंडर-१४ आहे असं ऐकतेय, तारखा नक्की झाल्या की इथे टाकते. तोवर तू क्लबला लागला असशील तर दोन-तीन पालक मिळून तुझा जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च वाटून घेऊ, आमच्या मुलींबरोबर ये. पालक बरोबर असतीलच. तुला पण कळेल बाहेर बसून कसं वाटतं.

फोंड्याचा_डावखुरा

ताई, येतो. तारखा टाका. क्लबशी उद्या बोलतोय, असिस्टंट म्हणून आणि सप्टेंबरपर्यंत असंच सांगणार, पावसाळ्यातल्या पगाराचं पण विचारतो. काय ठरतं ते इथेच लिहीन.